मतदानाच्या दिवशी आलेलं पाणी

माझी राजकीय कारकीर्द तीन निवडणुकांची. पहिली जिंकलो, तिसरी पडलो, आणि मधली जिंकलोही नाही अन् पडलोही नाही. ती एका चिठ्ठीनं नेली. संपादकांचा फोन आला, "मास्तर, नगरसेवकपदाच्या आठवणी लिहा. वाद नको, गंमत चालेल." मी हो म्हणालो खरा, पण लिहायला बसलो तेव्हा ध्यानात आलं की डोक्यात ती मधलीच निवडणूक ठाण मांडून बसली आहे. जिंकलेल्या निवडणुकीचं कौतुक दोन वर्षांत ओसरतं. पडलेलीची सवय होते. चिठ्ठीनं गेलेली मात्र दातात अडकलेल्या बडीशेपेसारखी, जीभ सारखी तिथंच जाते. म्हणून तीच सांगतो.

आधी माझी ओळख. शहागंजच्या मागच्या अंगाला माझं टायपिंगचं इन्स्टिट्यूट होतं. वडील निजामाच्या कचेरीत कारकून होते. त्यांचं उर्दू अक्षर मोत्यासारखं होतं, माझं मराठी बरं आहे, आणि आमच्या नातवाचं काय आहे ते न विचारलेलं बरं. टायपिंग शिकवतो म्हणून सगळी गल्ली मला मास्तर म्हणायची, अजून म्हणते. लोक माझ्याकडं अर्ज टाईप करून घ्यायला यायचे. नळाचा अर्ज, नालीचा अर्ज, खांबावरच्या दिव्याचा अर्ज. महिन्याभरानं तोच माणूस तोच अर्ज पुन्हा टाईप करायला हजर! एकदा मी वैतागून म्हणालो, "अरे बाबा, मागचा कुठं गेला?" तो म्हणाला, "दिला की साहेबाला. पर त्याच्यामागं फिरणार कोण?" तेव्हा मी लोकांच्या अर्जांमागं फिरायला लागलो, आणि फिरता फिरता उमेदवार झालो. यात देशसेवा वगैरे काही नव्हतं. मला अर्धवट पडलेलं काम बघवत नाही, एवढंच.

उभा राहिलो अपक्ष. चिन्ह मिळालं कपबशी. वाटलं, बरं झालं, घराघरात आहे. पण त्याचा अर्थ असा झाला की ज्या घरात प्रचाराला जावं त्या घरातली बाई हसत म्हणायची, "मास्तर, तुमची निशाणी घेऊन जावा," आणि कपबशी पुढं करायची. नाही म्हणायची सोय नाही. स्वतःच्या चिन्हाला उमेदवारच नको म्हणाला तर लोक काय म्हणतील? निकालापर्यंत माझ्या पोटाची वाट लागली. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, पुढच्या वेळी कंदील घ्या."

नगरसेवकाचं काम काय असतं, हे बाहेरून कळत नाही. लोकांना वाटतं, सभागृहात भाषणं करायची, फिती कापायच्या, गाडीवर पाटी लावायची. सभागृहात मी जितका बसलो त्याच्या कितीतरी पट जास्त वेळ उघड्या नालीच्या कडेला उभा राहिलो आहे. माणसं तरी कसली कसली येत! आमच्याकडं एक निवृत्त हेडमास्तर होते. खांबावरचा दिवा त्यांच्या खिडकीतून डोळ्यावर येतो, झोप लागत नाही, दिवा काढा म्हणाले. समोरची बाई म्हणाली, दिवा काढाल तर याद राखा, मी एकटी राहते. मी दिव्याच्या एका बाजूला पत्र्याचा तुकडा लावून घेतला. हिच्याकडं उजेड, त्यांच्याकडं अंधार. स्वतःवरच खूष झालो. आठ दिवसांनी हेडमास्तर पुन्हा दारात. आता ओट्यावर बसून पेपर वाचता येत नाही म्हणे!

वाळूजला कंपनीत जाणारा एक गडी होता. त्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलायची. तो आला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "मास्तर, आमच्या गल्लीच्या पाण्याची पाळी माझ्या शिफ्टप्रमाणं लावून द्या ना." मी म्हणालो, "बाळा, पाण्याची पाळी माझ्या हातात असती तर मी आमदार झालो असतो."

आता पाण्याचं सांगावं लागतं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तुमच्या गावात नळ उघडला की पाणी येत असेल. आमच्या शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत आणि आताच्या संभाजीनगरातही, पाणी पाळीनं येतं. चार दिवसांनी, सहा दिवसांनी, उन्हाळ्यात आठ दिवसांनी. लाईनमन येतो, रस्त्यातल्या खड्ड्यात चावी घालून व्हॉल्व फिरवतो, आणि त्या व्हॉल्ववरच्या सगळ्या गल्ल्यांना एकदम पाणी सुटतं. मग पिंप, हंडे, कळशा, बादल्या, पातेली, मिळेल ते भांडं भरायचं. पाणी सुटलेलं असताना घरची बाई नळ सोडून हलत नाही. लेकराला ताप असो, दारात पाहुणा असो, पाणी म्हणजे पाणी. बाहेरच्याला याचं हसू येतं. आम्हांला येत नाही.

मी निवडून आलो त्या पहिल्याच उन्हाळ्यात आमच्या वॉर्डात एक म्हातारे गृहस्थ वारले. मी अंत्ययात्रेला गेलो. परत आलो तर सगळी माणसं दाराबाहेर उभी. स्मशानातून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही, आणि घरात तर थेंब नाही. म्हाताऱ्याचा मुलगा, मुंडन केलेला, उघड्या अंगानं उन्हात उभा होता. त्यानं माझ्याकडं फक्त पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला इतकी लाज वाटली की त्या दिवसापासून मी एक नियम केला: वॉर्डात मयत झाली की पहिलं पाणी त्या घरी. टँकर असो, व्हॉल्व असो, काही असो. जात नाही, धर्म नाही, मत कुणाला दिलं ते नाही. आधी मयताचं घर, मग जिवंत माणसं, मग नगरसेवक. हे मी सभेत सांगायचो, लाईनमनला सांगायचो, घरी बायकोला तर शंभरदा सांगायचो. मी घरी नसलो आणि असा फोन आला तर सुमननं परस्पर लाईनमनला कळवायचं, असं ठरलेलंच होतं. लाईनमन सांडू. त्याचा नंबर आमच्या फोनशेजारी भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलेला होता.

खरं सांगू? नगरसेवक म्हणून मी जे काही केलं त्यात मला अभिमान वाटावा असं एवढंच आहे. रस्ते केले ते उखडले, नाल्या बांधल्या त्या तुंबल्या. या नियमाला मात्र मी कधी चुकलो नाही.

पाच वर्षं संपली, दुसरी निवडणूक आली, आणि समोर उभे राहिले नाना.

नाना म्हणजे शहागंजातले डेअरीवाले. मूळचे फुलंब्रीकडचे धनगर. तरुणपणी मेंढरं विकून शहरात आले, दोन म्हशींवर धंदा सुरू केला आणि डेअरीपर्यंत नेला. अंगानं आडवे, डोक्याला फेटा, आवाज असा की रस्त्याच्या या टोकाला "मास्तर!" म्हणाले की त्या टोकाचा माणूस वळून बघायचा. आमच्या घरी त्यांचंच दूध यायचं. उमेदवारी भरली त्या दिवशी स्वतः आले आणि म्हणाले, "मास्तर, पक्षानं तिकीट दिलंय, आता इलाज नाय. पर दूध चालू राहील बरं का." मी म्हणालो, "पाणी घालू नका म्हणजे झालं." दोघंही हसलो. तेव्हा निवडणूक अशी असायची. वॉर्ड एवढासा, उमेदवार एकमेकांच्या लग्नाकार्यात जेवलेले. शिव्या द्यायच्या त्या सभेत, खाली उतरलं की चहा एका टपरीवर.

रस्त्याच्या पलीकडचा भाग नानांचा, अलीकडच्या गल्ल्या माझ्या. त्यातही बायकांची मतं माझी. पाण्यासाठी माझी पळापळ त्यांनी रोज डोळ्यांनी पाहिली होती. आमच्याकडच्या बायका सकाळचा स्वयंपाक उरकून, ठेवणीतली साडी नेसून, घोळक्यानं मतदानाला निघतात. दहा ते एक हा त्यांचा वेळ. त्या तीन तासांवर मी निवडून यायचो.

मतदानाच्या दिवशी मी सकाळी सहालाच मोबाईल खिशात घालून घराबाहेर पडलो आणि केंद्रापाशी जाऊन उभा राहिलो. दहा वाजले, साडेदहा झाले. पुरुष येत होते. बायका नाहीत. अकरा वाजले, तरी बायकांच्या रांगेत चार जणी. माझा कार्यकर्ता बाळू, स्वतः दोन लेकरांचा बाप, शांत माणूस, त्याला म्हणालो, "जा रे, बघून ये काय झालंय." तो धापा टाकत आला.

"मास्तर, पाणी आलंय."

"आज? पाळी तर परवाची आहे."

"आलंय खरं. सगळ्या बायका नळावर हायेत."

मी धावत केंद्राजवळच्या गल्लीत गेलो. प्रत्येक दारात मोटारींचा आवाज, पायऱ्यांवर पाईप, ओल्या साड्या खोचलेल्या बायका. मी हात जोडून म्हणालो, "ताई, काकू, वहिनी, जरा चला हो. दहा मिनिटांचं काम आहे. पाणी काय, परत येईल."

त्यावर एक काकू पिंपातून डोकं वर काढून म्हणाल्या, "व्हय का? मग कधी येईल तेवढं सांगा, मास्तर. मत तर पाच वर्षांनी का होईना, नक्की येतंय."

पाच वर्षं मीच नगरसेवक होतो! मी तसाच मागं फिरलो.

दुपारी बाळू घरून माझा डबा घेऊन आला तेव्हा दुसरी बातमी घेऊन आला. खाला गेली. आमच्या समोरच्या दारात सलीमभाईंचं घर. खाला म्हणजे त्यांची आई. माझ्या मुलांना लहानपणी तिनंच सांभाळलं. सुमन आजारी असली की खाला गल्ली ओलांडून यायची आणि दारातूनच ओरडायची, "सुमन, उठ मत, मैं आयी ना!" त्या दिवशी सकाळी, मी बाहेर पडल्यावर, झोपेतच गेली. बातमी ऐकून मला रडू आलं. आणि लाज वाटते सांगायला, पण त्याच क्षणी असंही मनात आलं की त्या घरातली सगळी मतं आता राहिली. उमेदवाराचं मन त्या दिवशी जागेवर नसतं, असं समजून सोडून द्या.

साडेपाचला मतदान संपलं. मी सरळ जनाज्याला गेलो, खांदा दिला. परत आल्यावर सलीमभाई माझा हात धरून म्हणाले, "मास्तर, भाबी ने आज सगी बेटी से ज्यादा करा. हमारा नल तो आखरी है, पानी पहुंचताच नै था. तुम्हारे घर से घागर भर-भर के लायी. गुस्ल का पानी, मेहमानों का पानी, सब." मी घरी आलो. सुमन पायरीवर बसली होती. हात पाण्यानं पांढरे पडलेले, सुरकुतलेले. मी तिच्या बोटाकडं पाहिलं. शाई नव्हती.

"मत?" मी विचारलं.

"राहिलं," ती म्हणाली. "जालन्याहून खालाची माणसं आली, पुन्हा पाणी लागलं. पळत गेले, पण दार लावून घेतलं होतं."

मी म्हणालो, "जाऊ दे. एका मतानं काय होतंय? आणि नानानं एवढं कारस्थान करून पाणी सोडलं, त्याचा निदान एक फायदा झाला. खालाला शेवटची आंघोळ तरी मिळाली."

ती पदर पिळत राहिली.

हो, कारस्थान. माझी खात्रीच होती. माझ्याच गल्ल्यांत, मतदानाच्याच दिवशी, पाळी नसताना पाणी? हे डोकं नानांचंच. मी सांडूला गाठून विचारलं, "कुणाच्या सांगण्यावरून सोडलंस?" त्यानं मान खाली घातली. "मास्तर, मारायचं तर मारा, पर नाव मी सांगणार नाय." झालं! याहून जास्त पुरावा कशाला पाहिजे?

दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. नाना आणि मी, दोघांची मतं सारखी. फेरमोजणी झाली. पुन्हा सारखी. अशा वेळी कायद्यात चिठ्ठी असते. दोन चिठ्ठ्या सारख्या घड्या घालून स्टीलच्या डब्यात टाकल्या, डबा हलवला, आणि तिथल्या कुणाच्या तरी लहान मुलीला एक उचलायला सांगितली. तिनं बराच वेळ विचार करून एक काढली, जणू तिला कळतच होतं. नानांचं नाव निघालं. बाहेर गुलाल उधळला. नाना मात्र तिथंच उभे राहून माझ्याकडं बघत होते. मी मान फिरवली.

दुपारपर्यंत सगळ्या शहागंजात झालं: मास्तर बायकोच्या एका मतानं पडले. पानटपरीवर, न्हाव्याकडं, सगळीकडं तेच. सुमन घरी रडत होती. "माझं चुकलं," एवढंच म्हणत होती. मी मोठ्या मनानं तिची समजूत घातली. म्हणालो, "तुझं काय चुकलं? चूक त्या माणसाची. त्यानं पाणी सोडलं नसतं तर तू गेलीच असतीस की." ती आणखीच रडायला लागली. मला वाटलं, माझ्या चांगुलपणानं तिला भरून आलं.

त्या दिवसापासून नानांशी बोलणं बंद. रस्त्यात दिसले तर मी दुसऱ्या बाजूनं. त्यांचं दूध बंद केलं. सुमन म्हणाली, "अहो, दुधाचा काय दोष?" मी म्हणालो, "त्या घरची साय मला नको." वीसेक वर्षं आम्ही कुठलंतरी पातळ, निळसर दूध प्यालो, पण माझा हेका सुटला नाही. इकडं नानांचं नाव मोठं होत गेलं. "नाना म्हणजे डोकं! मतदानाच्या दिवशी पाणी सोडून गडी पाडला," असं लोक कौतुकानं सांगायचे. नाना मिशीतल्या मिशीत हसायचे. ते हसू पाहिलं की माझी तळपायाची आग मस्तकात जायची.

तिसरी निवडणूक मी रागानं लढलो आणि रीतसर पडलो. मग आमच्या वॉर्डाचं आरक्षण बदललं, माझं वय झालं, इन्स्टिट्यूटमधल्या टाईपरायटरांना भंगारवाल्यानं तराजूत घातलं. आता तर वॉर्डच राहिला नाही. चार-चार नगरसेवकांचा एक मोठा प्रभाग. अलीकडं इतक्या वर्षांनी निवडणूक झाली तेव्हा मतदानाला गेलो, तर शेजारचा तरुण मला विचारतो, "काका, यातला आपला कोण?" आमच्या वेळी नगरसेवक सापडायचा. दारात चप्पल दिसली की आहे, नाही दिसली की नालीवर आहे. लोक शिवी द्यायचे ती तोंडावर. त्या दिवसांची मला फार आठवण येते, शिव्यांसकट.

एक मात्र सांगितलं पाहिजे. चिठ्ठीच्या त्या निवडणुकीनंतर जेवढ्या निवडणुका झाल्या, तेवढ्यांत आमच्या केंद्रावर बायकांच्या रांगेत पहिली उभी असते ती सुमन. दार उघडायच्या आधी. घरी पाणी येवो, आग लागो. गुडघे गेले आहेत, तरी याही वेळी गेली. आणि दर ईदला सलीमभाई शीरखुर्म्याचे दोन डबे आणतात. एक घराला, आणि एक वेगळा, "ये भाबी का." मला वाटायचं, घागरी वाहिल्या त्याची आठवण ठेवतात.

निवडणूक झाली आणि पुढच्याच आठवड्यात दारात हाक आली. "मास्तर!" आवाज थकलेला, पण ओळखू येणारच. नाना! काठी टेकत, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आले होते. त्याच नातवाच्या लग्नाचं आवतन द्यायला. मी उठावं की बसावं, या विचारात असतानाच सुमननं पुढं होऊन खुर्ची ओढली. "या नाना, बसा. किती वर्षांनी!" नातवाला त्यांनी गाडीत बसायला पाठवलं. सुमन चहा टाकायला आत गेली.

नानांनी पत्रिका माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "मास्तर, वय झालं. आता एक सांगून टाकतो. ते पाणी म्या नव्हतं सोडलं."

"कोणतं पाणी?" मी म्हणालो, जसं काही मला कळलंच नव्हतं.

"अवघड करू नका आता. तेच. देवाशपथ सांगतो, मला त्यातलं काय बी ठाव नव्हतं. मला बी लोकांकडूनच कळलं."

"मग इतकी वर्षं 'मी नाही' असं का म्हणाला नाहीत?"

नाना ओशाळून हसले. "कसं म्हणू? निकालानंतर पक्षाच्या हापिसात गेलो तर मोठमोठे लोक उठून हात मिळवाया लागले. म्हणले, नाना, काय डोकं चालवलं! मेंढरं वळणाऱ्या माणसाला आजवर कुणी हुशार म्हणलं नव्हतं, मास्तर. लई गोड वाटलं. त्या एका पाण्यावर मला स्थायी समिती भेटली. मग म्या गप बसलो. तुमच्याशी बोलावं वाटायचं, पर तुम्ही रस्ताच बदलायचे."

मला रागही येईना आणि हसूही. वीस वर्षांचं पातळ दूध डोळ्यांसमोर आलं. मी म्हणालो, "तुम्ही नाही, तर मग सोडलं कुणी?"

"मी," सुमन म्हणाली.

ती ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं ट्रे स्टुलावर ठेवला आणि पदरानं हात पुसत उभीच राहिली.

"खाला गेली त्या सकाळी सलीमभाईंची बायको आली. भाबी, घर में एक बालटी पानी नै, नहलायें कैसे? टँकर मागवला असता तर मतदानाच्या दिवशी उमेदवाराच्या घरून टँकर गेला म्हणून बोंब झाली असती. मग मी सांडूला फोन केला. म्हटलं, थोडा वेळ सोड, खालापुरतं. पण त्यांचा नळ शेवटचा. सगळ्यांच्या मोटारी लागल्या, तिथवर पाणी जाईचना. मी सांडूला म्हटलं, राहू दे चालू, बंद करू नको. त्याला शपथ घातली, मास्तरांना सांगायचं नाही."

नाना आ वासून बघत होते. मग त्यांनी काठी बाजूला ठेवली आणि दोन्ही हात जोडले. "म्हंजी वहिनी, मला तुम्ही निवडून आणलं व्हय! अन् म्या पक्षाच्या पाया पडत बसलो!" ते हसायला लागले, हसता हसता खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं. सुमनही हसली, रडता रडता. शेवटी मलाही हसू आवरेना. तीन म्हातारी माणसं एवढी हसताना ऐकून गाडीतला नातू घाबरून आत आला.

जाताना नाना उंबऱ्यात थांबून म्हणाले, "उद्यापास्नं दूध लावून देतो, मास्तर." मी म्हणालो, "लावा."

ते गेले. सुमन कपबश्या गोळा करायला वाकली.

"मला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. आवाज चढवायचा नव्हता, पण थोडा चढलाच.

"तुम्ही पडलात. मग कसं सांगू? तुम्हांला कुणावर तरी राग धरायला पाहिजे होता. नाना बाहेरचे होते. माझ्यावर धरला असता तर या घरात दिवस कसे काढले असते?"

"ते नंतरचं झालं. मी त्याच दिवसाचं विचारतोय. मोबाईल माझ्या खिशात होता. बाळू डबा न्यायला आला होता. खाला गेल्याचा निरोप दिलास, पाण्याचा नाही. एक शब्द विचारायचा तरी होतास मला."

तिनं हातातला कप खाली ठेवला आणि माझ्याकडं सरळ पाहिलं. "विचारलं असतं तर काय सांगितलं असतं? खरं सांगा."

मी तोंड उघडलं. आधी मयताचं घर, हे माझंच वाक्य ओठावर आलं होतं. शंभर सभांत म्हटलेलं. पण समोर सुमन होती, आणि तिथं सभा नव्हती. मला ती सकाळ आठवली, बायकांची रिकामी रांग आठवली, आणि खाला गेल्याचं ऐकून मी आधी कशाचा हिशेब केला तेही आठवलं.

"साडेपाचपर्यंत थांब म्हणालो असतो," मी म्हणालो.

"म्हणून नाही विचारलं," ती म्हणाली, आणि कपबश्या उचलून आत गेली.